खारट म्हणजे अल्कधर्मी नव्हे : माझ्याच जुन्या पोस्टीची दुरुस्ती



आज शेतातला फोटो नाही. आज एक चूक कबूल करायचीय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांची जमीन खाडीकाठी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

दोन वर्षांपूर्वी मी याच पेजवर लिहिलं होतं की, खारीच्या जमिनीत जिप्सम टाकला आणि भात चांगलं आलं, तुम्हीपण टाका. त्या पोस्टीला भरपूर लाईक आले. चार जणांनी फोन करून किती गोण्या टाकल्या ते विचारलं आणि टाकल्यापण. ती पोस्ट चुकीची होती. माझ्या शब्दावर त्यांनी पैसे घातले, म्हणून ही दुरुस्ती इथेच लिहितोय.

झालं असं. आमचा खालचा अर्धा एकर खाडीच्या बांधाला लागून आहे. एका पावसाळ्यात उधाणाला बांधाला खांड गेली आणि खारं पाणी दोन-तीन भरत्या आत येऊन बसलं. त्या वर्षीचं भात गेलंच. उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी साय आली. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "खारी जमीन म्हणजे क्षारधर्मी. क्षार मारायला जिप्सम लागतो." बारा गोण्या आणल्या, गाडीभाड्यासकट पाच हजारांच्या वर गेले. त्याच हिवाळ्यात बांध बांधून काढला होता, उघाडी दुरुस्त केली होती. पुढच्या पावसात भात आलं. मी खूश. पोस्ट टाकली.

पण बाजूच्या शेतात तीच खांड, तेच पाणी, तीच साय होती. त्याने जिप्समची एक गोणीपण टाकली नव्हती. त्याचं भात माझ्याइतकंच आलं. हे मला दिसत होतं, पण पैसे आपण घातले की गुण पैशालाच द्यावासा वाटतो. मी बघितलं नाही असं केलं.

डोळे उघडले माझ्या पुतणीने. ती नववीत आहे. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी व क्षार असा धडा आहे. मॅडमनी घरून हळदीचा कागद करून आणायला सांगितलेला. हळद पाण्यात कालवायची, साध्या कागदाला लावायची, सुकवायची. या कागदाला साबणाचं पाणी लावलं की तो लाल होतो. लिंबू लावलं की परत पिवळा. आपल्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. हळदीच्या दिवशीचा सदरा साबणाने धुतला की डाग लाल होतो. कुंकूसुद्धा हळदीला चुना लावून करायची पद्धत आहेच. फक्त त्याला रसायनशास्त्र म्हणतात हे आपण विसरतो.

पोरीने साबण, सोडा, राख, चुना सगळं लावून बघितलं. सगळ्याला लाल. मग म्हणाली, "काका, तुमची खारी माती आणा, ती तर एकदम लाल करेल." मी मे महिन्यातली पांढरी साय आलेली माती आणली. पावसाच्या साठवलेल्या पाण्यात ढवळली, निवळू दिली, वरचं पाणी कागदाला लावलं. कागद पिवळाच राहिला.

"काका, ही तर उदासीन आहे. मिठासारखी."

मिठासारखी म्हणजे काय, मीठच आहे ते! समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यातला मोठा भाग आपलं खायचं मीठ. तेच आमच्या शेतात येऊन बसलं होतं. उरणच्या मिठागरात तेच पिकवत आले आणि आमच्या भातात तेच नको असतं.

मग मी कपाटातला माती परीक्षणाचा कागद काढला. जिप्सम टाकायच्या आधीचा. त्यावर लिहिलं होतं : सामू ७.५, क्षारता ३.८. कागद घरात होता. मी दहावी पास. सामू म्हणजे पीएच हे मला माहीत होतं. तरी तो कागद वाचायच्या आधी मी दुकानदाराचं ऐकलं.

आता मुळापासून सांगतो, जसं मला समजलं तसं.

आम्ल म्हणजे पाण्यात गेल्यावर हायड्रोजनचे आयन सोडणारा पदार्थ. चिंच, लिंबू, आमसूल, बॅटरीतलं पाणी. आम्लारी म्हणजे हायड्रॉक्साईडचे आयन सोडणारा. चुन्याची निवळी, कॉस्टिक सोडा. ही व्याख्या स्वीडनच्या अऱ्हेनियस नावाच्या शास्त्रज्ञाची, त्याला १९०३ साली नोबेल मिळालं. किती आम्ल आणि किती आम्लारी हे मोजायची सामूची पट्टी १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेनसनने काढली. तो कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करायचा. ७ म्हणजे उदासीन. खाली आम्ल, वर आम्लारी. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, या पट्टीवर एक घर म्हणजे दहा पट. सामू ६ चा ५ झाला म्हणजे थोडा आंबट नाही झाला, दहापट झाला. ४ झाला तर शंभरपट.

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की दोघांचा जोर मरतो. धड्यातलं समीकरण असं आहे : आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी. आम्ही सगळ्यांनी हे पाठ केलं होतं. पण पाठ केलं ते डावीकडचं. आंबट मेलं, तुरट मेलं, संपलं. उजवीकडे काय उरलं ते कोणी बघितलं नाही. उजवीकडे क्षार उरतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा बरोबर मापात मिसळले तर राहतं खारं पाणी. (घरी करू नका, दोन्ही भाजतात.)

आता घोळ कुठे झाला बघा. शब्दातच झाला. शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे मीठ-वर्गातला पदार्थ, आणि उलट बाजूला आम्लारी किंवा अल्क. पण जुन्या भाषेत क्षार म्हणजे राखेतून काढलेला, भाजणारा पदार्थ, म्हणजे अल्कच. हिंदीत अजून तसंच म्हणतात. अल्कली हा शब्दसुद्धा अरबीतून आला, खाऱ्या जमिनीतल्या झाडांच्या राखेचं नाव ते. म्हणून आपल्याकडे दुकानदार, कधी कधी साहेब लोकपण, क्षारयुक्त आणि क्षारधर्मी हे दोन्ही एकाच तोंडाने बोलतात. ऐकणारा शेतकरी समजतो एकच रोग आहे. रोग दोन आहेत आणि औषधं वेगळी.

पहिला रोग, क्षारयुक्त जमीन. आपली खार. मातीच्या पाण्यात मीठ जास्त, सामू बहुतेक साडेआठच्या आत. मुळांना पाणी ओढता येत नाही, शेतात पाणी असून रोप तहानलेलं. उन्हाळ्यात खालचं मीठ पाण्याबरोबर वर चढतं, पाणी उडून जातं आणि पांढरी साय राहते.

दुसरा रोग, चोपण जमीन. सांगली, कोल्हापूरकडे नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात, काळ्या जमिनीत, पाणी जास्त आणि निचरा कमी तिथे ही दिसते. सामू साडेआठच्या वर. मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसतो, माती फुगते, पाणी मुरत नाही, सुकली की दगड.

जिप्सम हा दुसऱ्या रोगावरचा उपाय. आणि तोही लिंबासारखा मारत नाही. जिप्सम आम्ल नाही की आम्लारी नाही. सल्फ्युरिक आम्लात चुना घातला तर जे तयार होतं तेच जिप्सम, म्हणजे तोसुद्धा एक क्षारच. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमला ढकलून त्याची जागा घेतो. सुटलेला सोडियम मग पाण्याने धुऊन काढायला लागतो. निचरा नसेल तर जिप्समचापण उपयोग नाही.

माझ्या जमिनीत सामू ७.५ होता. माझं दुखणं होतं मीठ. त्यावर मी क्षाराच्या अजून बारा गोण्या टाकल्या. भात आलं ते जिप्समने नाही. बांध नीट झाला, खारं पाणी यायचं थांबलं, आणि पावसाने मीठ धुतलं. आपल्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, याच्यापेक्षा मोठं औषध कोणत्या दुकानात मिळणार? भरतीला उघाडी बंद, ओहोटीला उघडी. पहिल्या पावसाचं पाणी साठवायचं, मीठ विरघळू द्यायचं, सोडून द्यायचं, परत साठवायचं. आपले आजे हेच करत होते. त्यांना सामू माहीत नव्हता, पण जीभ माहीत होती. शेतातलं पाणी बोटाने चाखून लावणी कधी करायची ते ठरवायचे. आणि बियाणं निवडायचे काळा राता, भुरा राता, असं खारं सोसणारं. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ अशा जाती काढल्या. ते केंद्र आपल्या दारात आहे. दुकानात जायच्या आधी तिथे गेलो असतो तर पाच हजार वाचले असते.

यावरून कोणी असं समजू नका की सामू बिनकामाचा. वरच्या टेपाडावरच्या तांबड्या मातीचा माझा सामू ५.६ आहे. तिथे उलट गोष्ट आहे. इतक्या पावसाने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातो आणि माती आंबट होते. अशा मातीत स्फुरद लोह-ॲल्युमिनियमला धरून बसतो, पिकाला मिळत नाही. वालाच्या मुळावरच्या गाठीतले जिवाणूपण नीट वाढत नाहीत. तिथे चुनखडीची पूड किंवा डोलोमाईट कामाचं. पण किती टाकायचं हे नुसत्या सामूवरून ठरत नाही. चिकण मातीला जास्त लागतं, रेताड मातीला कमी, म्हणून प्रयोगशाळेला विचारून टाका. आणि भातात पाणी भरून राहिलं की आंबट जमीन काही आठवड्यांत आपोआप सातच्या जवळ सरकते. म्हणून भातापेक्षा मागून येणाऱ्या कडधान्याला, भाजीला चुन्याचा उपयोग जास्त.

अजून एक. चुना आणि अमोनियम सल्फेट एकत्र कालवून टाकू नका. आम्लारी अमोनियमला भेटलं की अमोनियाचा वायू सुटतो. नाकात झणका येतो ना, ते तुमचं नत्र उडून चाललेलं असतं. दोन्हींमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आता खरं जे बोलायचंय ते. हे फक्त माझ्या अर्ध्या एकराचं नाही.

आमच्याकडे पाण्याबद्दल बैठक झाली होती. नदीच्या पाण्यावरून लोक चिडलेले. तळोजा एमआयडीसी आणि कासाडी नदी हा विषय आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यातली निळी कुत्री सगळ्या देशाने पेपरात बघितली, तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला होता. रंग डोळ्यांना दिसला म्हणून गाजलं. पण जे दिसत नाही त्याचं काय?

बैठकीत एकाने तपासणीचा कागद वाचला : पीएच ७.२, नॉर्मल. सगळे गप्प बसले. मीपण गप्प बसलो. सात म्हणजे उदासीन, म्हणजे चांगलं, एवढंच डोक्यात.

आता समीकरणाची उजवी बाजू आठवा. कारखान्यातून आंबट पाणी निघतं. नियम सांगतो की सोडायच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या मध्ये पाहिजे. मग त्यात आम्लारी घालतात. हे बरोबरच आहे, घातलंच पाहिजे, नाहीतर मासा जागेवर मरेल. पण आम्ल मेल्यावर क्षार उरतो. चुना घातला तर जिप्समचा बराच गाळ खाली बसतो, तो काढता येतो. पण कॉस्टिक सोडा घातला तर सोडियमचे क्षार पाण्यातच विरघळून राहतात आणि पुढे जातात. हळदीचा कागद पिवळाच राहील. लिटमस काही बोलणार नाही. सामू ७.२ येईल आणि ते खरंच असेल. तरी ते पाणी भाजीला घातलं तर मीठ जमिनीत साठत जाईल. धातू असतील, रंग असतील, तर त्यांचापण सामूवरून पत्ता लागत नाही.

सामू खोटं बोलत नाही. त्याला जेवढं विचारलं तेवढंच तो सांगतो. आपण एकच प्रश्न विचारतो आणि बाकीच्यांची उत्तरं मिळाली असं समजतो, ही चूक आपली.

माझं म्हणणं सरळ आहे. पुढच्या बैठकीत पीएच वाचून कोणी कागदाची घडी घालायला लागला, तर विचारा की विरघळलेले क्षार किती? क्षारता, म्हणजे ईसी, किती? सोडियम किती? नमुना कधी घेतला, ओहोटीला की भरतीला? पावसात घेतला की मार्चमध्ये? पावसात सगळंच पातळ होतं.

काही जण म्हणतील, आता नवी मुंबईत शेती राहिली किती? १९७० ला सिडको आली, गावांच्या गावं संपादनात गेली, १९८४ च्या जासईच्या आंदोलनात आपल्या माणसांनी जीव दिला, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची गोष्ट पुढे आली. आता विमानतळ झाला. अर्ध्या एकराच्या खारीसाठी एवढं कशाला? माझं उत्तर असं की, थोडी राहिलीय म्हणूनच. आणि पाणी फक्त शेतीला लागत नाही. त्याच खाडीत जिताडा आहे, कोळंबी आहे, निवटी आहे, आणि ती धरणारी माणसं आहेत. एवढं शिकलेलं शहर आपल्या भोवती उभं राहिलं आणि नववीच्या धड्यातलं समीकरण पूर्ण वाचणारं बैठकीत कोणी नसावं, मी धरून, याची मला लाज वाटली.

करायचं काय ते थोडक्यात :

एक, माती परीक्षणाच्या कागदावर सामू आणि क्षारता हे दोन आकडे वेगवेगळे वाचा. २०१५ पासून जे मृदा आरोग्य कार्ड मिळतं त्यावर १२ गोष्टी असतात, त्यात हे दोन्ही आहेत.

दोन, खारीचा नमुना कधी घेतला त्याची तारीख लिहून ठेवा. मे आणि ऑगस्टच्या आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

तीन, पुस्तकात क्षारयुक्त जमिनीची हद्द ४ दिलेली असते. ती मातीचा चिखल करून त्यातून काढलेल्या पाण्याची आहे. कार्डासाठी बहुतेक मातीत अडीच पट पाणी घालून मोजतात, म्हणून आकडा कमी दिसतो. तिथे १ च्या वर गेलं तरी सावध व्हायचं. माझा ३.८ होता आणि मी चारच्या आत आहे म्हणून निर्धास्त होतो!

चार, सामू साडेआठच्या वर असल्याशिवाय जिप्समची गोणी उचलू नका. हळदीचा कागद लाल झाला तर शंका घ्या, पण खर्च करायच्या आधी प्रयोगशाळेत जा. हळद ही ओळख आहे, मोजमाप नाही.

पाच, शिक्षकांना विनंती. या भागातल्या शाळेत हा धडा शिकवताना बाटलीतल्या आम्लाबरोबर खारीची माती, टेपाडाची माती आणि चुलीतली राख पण ठेवा. पोरं एका तासात जे शिकतील ते मला पन्नाशी उलटल्यावर समजलं, आणि तेही पाच हजार घालवून.

माझी जुनी पोस्ट मी काढून टाकत नाही. तिच्या वर "चूक आहे, नवी पोस्ट वाचा" असं लिहिलंय. ज्या चौघांनी माझं ऐकून जिप्सम टाकला त्यांना काल फोन केले. तिघांनी हसून सोडलं. चौथा म्हणाला, "भाऊ, माझं तर भात आलं यंदा." मी विचारलं, बांध कधी बांधलास? म्हणाला, त्याच वर्षी.

काही चुकलं असेल तर खाली लिहा. आणि कोणाकडे माती परीक्षणाचा कागद पडून असेल तर आज काढून दोन्ही आकडे वाचा.